हरवलेल्या हरणाचा हिशेब

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सप्टेंबरच्या मध्यावर धनुष्यबाणाने हरणं मारण्याचा हंगाम उघडतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. मधे नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीचे असतात. त्या नऊ दिवसांत अर्ध्या कचेऱ्या ओस पडतात, गावोगावच्या खाणावळींत केशरी जाकिटांची गर्दी होते. बंदूकवाल्यांचा तो सणच. धनुष्यवाल्यांचं काम मुकाट चालतं. पहाटे अंधारात झाडावरच्या मचाणावर चढायचं, थंडीत कुडकुडत तासन्‌तास हलायचं नाही आणि बहुतेक दिवस रिकाम्या हातांनी घरी यायचं. तरीही साधी धनुष्यं आणि क्रॉसबो मिळून या एका राज्यात वर्षाला एक लाखाच्या आसपास हरणं नोंदवली जातात. हरीण ताब्यात आलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा संगणकावर कळवायचं, असा नियम आहे. म्हणजे नोंद होते ती सापडलेल्या हरणांची. ज्याला बाण लागला, जे रक्त सांडत झाडीत शिरलं आणि पुन्हा कोणाला दिसलं नाही, त्याच्यासाठी या वहीत रकाना नाही. मला लिहायचं आहे ते त्या नसलेल्या रकान्याबद्दल.

इथे मराठी वाचकाच्या कपाळावर आठी पडणार हे मला ठाऊक आहे. मारायलाच गेला होता ना? मग निसटलं त्याचं रडगाणं कसलं? याच राज्यातल्या मॅडिसनला राहायला आल्यावर मीही हे विचारलं होतं, तेही मटणाच्या रश्श्यात पोळी बुडवता बुडवता. पुढे कचेरीतल्या, शेजारपाजारच्या शिकाऱ्यांशी बोलणं होत गेलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मारलेल्या हरणाबद्दल ही माणसं तासभर बोलतात. साफ चुकलेला बाण हसून सांगतात. पण लागून हरवलेल्या हरणाचा विषय निघाला की आवाज खाली येतो. ते हरीण कधीकधी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं असतं. तरी नेमकं कुठे उभं होतं, वारा कुठून होता, तोंड कोणीकडे होतं, सगळं तोंडपाठ.

धनुष्याने शिकार करण्याची आधुनिक अमेरिकी हौस एका फार एकट्या माणसापासून सुरू झाली. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ भुकेने खंगलेला एक माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा जिवंत माणूस. लोक त्याला इशी म्हणू लागले. विद्यापीठाच्या लोकांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून ठेवलं आणि तिथे डॉक्टर सॅक्स्टन पोप याची त्याच्याशी दोस्ती झाली. धनुष्य कसं घडवायचं, बाण कसा तासायचा, सावजाला आवाज काढून जवळ कसं बोलवायचं, हे पोप त्याच्याकडून शिकला. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोपने १९२३ मध्ये या विद्येवर पुस्तक लिहिलं आणि बंदुकीला कंटाळलेल्या अनेक शहरी माणसांनी ते वाचून धनुष्यं हातात घेतली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने धनुष्याचा वेगळा हंगाम सुरू केला. पर्यावरणविचाराचा मोठा लेखक आल्डो लिओपोल्ड याच राज्यात राहत होता. तो स्वतःची धनुष्यं स्वतः घडवायचा, आणि नेमबाजीत त्याची बायको एस्टेला त्याच्याहून सरस होती.

तेव्हा हरणंही आजच्यासारखी उदंड नव्हती. मांस आणि कातड्याच्या बाजारापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या शेपटीचं हरीण देशभरात काही लाखांवर आलं होतं. बेकायदा मारलेल्या जनावरांच्या व्यापाराला रोखणारा १९०० चा लेसी कायदा, मग ठरावीक हंगाम, परवाने, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवर बसलेला, थेट वन्यजीवांसाठी वापरला जाणारा कर, यांतून ती संख्या तीन कोटींच्या घरात गेली. सत्तरच्या दशकात धनुष्यबाणही त्या करात आले. शिकाऱ्यांना याचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. फक्त हे सगळं कळपाचं गणित झालं. रात्री झोप उडवतं ते एकटं हरीण.

बाण गोळीसारखा काम करत नाही. गोळीच्या तडाख्याने जनावर जागीच कोसळू शकतं. बाणाच्या टोकाला वस्तऱ्याची धार असलेली पाती असतात. तो कापत जातो आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर पाच-दहा सेकंदांत, शंभरेक पावलं धावून, ते आडवं होतं. पण हा सगळा खेळ एका जेवणाच्या ताटाएवढ्या जागेचा आहे. त्या जागेच्या वर पाठीचा कणा, पुढे खांद्याचं रुंद हाड, मागे यकृत आणि त्याच्याही मागे चाऱ्याने भरलेलं पोट. वीतभर इकडेतिकडे झालं की सेकंदांचे तास होतात.

ही वीत कुठून येते? हात थरथरला, फांदीला पातं घासलं, अंतराचा अंदाज चुकला, ही नेहमीची कारणं. पण नेम अचूक असूनही बाण चुकतो त्याचं कारण हरणाच्या कानांत आहे. आजचं चांगलं धनुष्य सेकंदाला पंच्याऐंशी मीटरच्या आसपास वेगाने बाण फेकतं. सत्तावीस मीटरवर उभ्या हरणाला गाठायला त्याला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. धनुष्याच्या दोरीचा आवाज मात्र त्याच्या चौपट वेगाने पोचतो. म्हणजे आवाज कानावर पडल्यापासून बाण अंगाला भिडेपर्यंत हरणाजवळ साधारण पाव सेकंद असतो. पळण्यासाठी उसळी घ्यायची तर आधी पाय दुमडून खाली बसावं लागतं, आणि बिचकलेलं हरीण तेवढ्या अवधीत तेवढंच करतं. फुप्फुसांवर धरलेला बाण वर, कण्यालगतच्या मांसात जातो. दोष कोणाचा म्हणायचा?

मिसुरी राज्यातल्या हॉलिस अॅलन या माणसाला १९६९ मध्ये चाकांच्या धनुष्याचं पेटंट मिळालं. दोन टोकांना कप्प्या, त्यांतून फिरणाऱ्या दोऱ्या. पूर्ण ताणल्यावर हातावर येणारा भार एकदम उतरतो, आजच्या धनुष्यांत तर तो पाव-पंचमांशावर येतो. त्यामुळे माणूस धनुष्य ताणून निवांत नेम धरू शकतो. माझं मत विचाराल तर घोळ इथूनच वाढला. अंगणात पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर पन्नास मीटरवरून एकावर एक बाण बसतात आणि माणसाला वाटतं, हरणावरही बसतील. पुठ्ठा खाली बसत नाही. पुठ्ठ्याला ऐकू येत नाही.

बाण सुटला, लागला, हरीण दिसेनासं झालं. त्यानंतरचं पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. इथेच नवशिक्यांचा घात होतो. छाती धडधडत असते, हात कापत असतात आणि सगळं अंग सांगतं की उतर आणि धाव. फुप्फुसांना लागल्याची खात्री असली तरी अर्धा तास थांबायचं. यकृताला लागलं असेल तर चार तास, पोटाला लागलं असेल तर आठ-बारा तास. कारण जखमी हरीण पाठलाग झाला नाही तर जवळच्याच आडोशाला बसतं आणि बसल्या जागी मरतं. मागे माणूस लागला की उठतं, आणि भीतीच्या जोरावर कोसभर जातं. तेही बहुधा रक्ताचा थेंब न सांडता, कारण पोटाच्या जखमेचं तोंड आतल्या चरबीने आणि आतड्याने बुजतं.

किती थांबायचं हे बाण सांगतो. मातीत रुतलेला बाण उपटून शिकारी तो पांढऱ्या कागदावर पुसतात. गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त म्हणजे फुप्फुस. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत. हिरवट-करडा चिकट थर आणि आंबूस वास म्हणजे पोट. भडक लाल, आधी पुष्कळ आणि शंभर पावलांत आटणारं रक्त म्हणजे नुसतं मांस, ते हरीण बहुधा जगणार. बाण लागला तिथे गळालेले केस पाहतात. पोटाखालचे पांढरे, पाठीवरचे जाड आणि टोकाला काळे. हरीण पळताना कसं पळालं हेही सांगतं. मागचे पाय झाडून उधळलं तर छातीत, पाठीची कमान करून शेपूट खाली दाबत चालत गेलं तर पोटात.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं ते एका नोव्हेंबरात. कचेरीतला एक सहकारी, डेअरीवाल्या घरात वाढलेला, लहानपणापासून धनुष्य हातात असलेला. संध्याकाळी त्याचा फोन आला की सकाळी मोकळा आहेस का, दिवा धरायला आणि नजर ठेवायला माणूस हवा आहे. मी पोचलो तेव्हा उजाडायचं होतं. त्याने बाण दाखवला, पुसलेला कागद दाखवला. काळपट लाल, आणि एका कडेला हिरवी झाक. नर होता. शेवटच्या क्षणी एक पाऊल पुढे टाकलं, म्हणाला. रात्र त्याने जागून काढली होती. हवा जरा उबदार होती, मांस नासण्याची धास्ती. लांबून कोल्ह्यांच्या जातीचे कायोटी ओरडत होते, ते आधी पोचतील ही दुसरी. तरीही तो थांबला होता आणि ते बरोबरच होतं.

माग काढायला सुरुवात झाली तशी पहिली अडचण माझ्या लक्षात आली. नोव्हेंबरात ओक आणि मेपलची पडलेली पानं मुळातच लाल-तपकिरी ठिपक्यांची असतात. दर तिसरं पान रक्ताचं वाटतं. त्याच्याजवळ हायड्रोजन पेरॉक्साइडची फवारणीची बाटली होती. संशयित ठिपक्यावर एक फवारा, फेस आला तर रक्त. प्रत्येक खऱ्या थेंबाशी तो टॉयलेट पेपरचा तुकडा फांदीला अडकवायचा आणि पुढचा थेंब सापडेपर्यंत मी त्या तुकड्यापाशी उभा राहायचो. मागे वळून पाहिलं की पांढऱ्या तुकड्यांची रांग दिसे आणि हरीण कोणत्या दिशेला कललं ते कळे. एका पडलेल्या खोडाच्या आडोशाला ते बसलं होतं. दाबलेलं गवत, त्यात तळहाताएवढा काळा डाग. तिथून उठून पुढे गेलं होतं. शेजाऱ्याच्या कुंपणापाशी आम्ही थांबलो. इथे परक्याच्या जमिनीत जखमी जनावराच्या मागे जायचं तरी मालकाची परवानगी लागते. फोन झाला, परवानगी मिळाली. पुढे न कापलेला मका. मक्याच्या पानांवर कमरेच्या उंचीला पुसलेलं रक्त. मग ओढा. ओढ्याच्या अलीकडे शेवटचा थेंब.

दुपारी एक बाई आपला कुत्रा घेऊन आल्या. राठ केसांचा डॅशहुंड, मांजरापेक्षा थोडा मोठा, गळ्यात लांब चामड्याचा पट्टा. आम्ही सकाळभर जे केलं ते त्याने वीस मिनिटांत केलं आणि ओढा ओलांडून पलीकडच्या पाणकणसांच्या दलदलीत शिरला. बाई कमरेपर्यंत पाण्यात. आत कुठेतरी तो गोल फिरला, पुन्हा फिरला आणि थांबून त्यांच्याकडे पाहू लागला. माग तिथे संपला. संध्याकाळपर्यंत आम्ही ओळीने चालत दलदलीचा काठ पिंजून काढला. कावळे कुठे उतरतात ते पाहत राहिलो. मिळालं नाही.

हे कुत्रे अमेरिकेत तसे नवे आहेत. जर्मनीत जखमी जनावराचा माग काढायला खास वंशाचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात आणि कित्येक राज्यांत शिकारीच्या वेळी असा कुत्रा हाताशी असणं कायद्याने बंधनकारक आहे. गंमत म्हणजे त्याच जर्मनीत धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. अमेरिकेत उलट होतं. धनुष्याला मोकळीक आणि हरणामागे कुत्रा लावणं बहुतेक ठिकाणी गुन्हा, कारण कुत्र्यांनी हरणं पळवून मारण्याची जुनी खोड मोडायची होती. न्यूयॉर्क राज्यात जॉन जेनेनी नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने १९७६ मध्ये संशोधनाचा परवाना काढून, पट्ट्याला बांधलेला डॅशहुंड घेऊन, लोकांची हरवलेली हरणं शोधायला सुरुवात केली. दोन वर्षांनी ‘डिअर सर्च’ ही संस्था उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये १९८६ मध्ये त्याला कायदेशीर मान्यता मिळाली आणि मग एकेक राज्य वळत गेलं. पेनसिल्व्हेनियासारखं शिकाऱ्यांचं राज्य वळायला २०१८ उजाडलं. या कुत्र्यांबद्दल एक गैरसमज असा की ते रक्त हुंगतात. रक्त तर हुंगतातच, पण हरणाच्या खुरांच्या बेचक्यातल्या ग्रंथीचा वास पावलोपावली जमिनीवर राहतो. रक्त आटल्यावरही चांगला कुत्रा त्याच एका हरणाच्या मागावर राहतो, बाजूने दुसरी दहा गेली तरी. हे काम करणारे बरेच जण मोबदला घेत नाहीत. ज्यांना बोलावणं जातं त्यांतली निम्म्याहून कमी हरणं सापडतात. अर्थात बोलावणं जातं तेच मुळी अवघड मागासाठी.

सोमवारी सहकारी कचेरीत आला आणि जेवायच्या सुट्टीत गाडीत जाऊन बसला. लोकांना कळलं होतं. धीर द्यायला शिकारी मित्र आले. असं सगळ्यांचंच होतं. जो म्हणतो माझं कधी हरवलं नाही, तो एकतर खोटं बोलतो किंवा फार शिकार करत नाही. जंगलात काही वाया जात नाही, कायोट्यांचं पोट भरलं. हे सगळं खरं होतं आणि त्याला ते ऐकवत नव्हतं. दुसरीकडे, सँडविचमधली टर्की चघळत एकाने विचारलं की इतकं वाईट वाटतं तर मारतोस कशाला. तो काही बोलला नाही. मला मात्र त्या टर्कीबद्दल दोन शब्द बोलावेसे वाटले होते.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही त्याबद्दल लिहिलं. ज्याच्यासाठी रडायचा तुम्हाला हक्कच नाही असं लोक समजतात, ते दुःख. घटस्फोटित नवऱ्याच्या मृत्यूचं, पाळलेल्या जनावराचं, गर्भपाताचं. शिकाऱ्याचं हे दुःख त्याच जातीचं आहे, आणखी एका गाठीसह. इथे रडणारा आणि मारणारा एकच आहे. म्हणून सांत्वनही पटत नाही आणि निंदाही. त्यातून सुटका शोधणारं मन तो पाव सेकंद पुन्हापुन्हा चालवून पाहतं. एक पाऊल टाकायच्या आत सोडला असता तर. टाकल्यावर सोडलाच नसता तर.

यात सगळ्यात टोचतं ते न कळणं. ते मेलं का? किती वेळाने? की जगलं? या प्रश्नांवर अभ्यास झालेले आहेत, आणि शिकारी व शिकारविरोधी दोघेही त्यांतला सोयीचा आकडा उचलतात. मेरिलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ एवढा दीर्घ काळ नोंद ठेवली गेली. तिथले शिकारी परीक्षा देऊन आलेले, चाकांचं धनुष्य किंवा क्रॉसबो वापरणारे. बाण लागलेल्या हरणांतली सुमारे १८ टक्के त्यांना मिळाली नाहीत. म्हणजे निवडक माणसं, चांगली हत्यारं, तरी पाच-सहांत एक. ओक्लाहोमातल्या मॅकअॅलेस्टर इथल्या लष्करी दारूगोळ्याच्या आवारात साध्या, बिनचाकांच्या धनुष्यांचा अभ्यास झाला, तो १९९८ मध्ये छापून आला. तिथे हरणांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे होते, त्यामुळे निसटलेल्यांचं पुढे काय झालं तेही कळलं. लागलेल्यांतली निम्मी हरणं शिकाऱ्यांना मिळाली नव्हती. पण त्या न मिळालेल्यांतली बहुतेक जगली होती.

हरणाची जात चिवट असते. खाटकाकडे हरीण सोलताना बरगडीपाशी जुन्या बाणाचं पातं गाठीत बुजून बसलेलं सापडल्याचे प्रसंग आहेत, आणि ते हरीण मधल्या काळात नीट चरत, माजावर येत जगलेलं असतं. माझ्या सहकाऱ्याला हे सांगून उपयोग नव्हता. यकृत आणि पोट यांना लागलेलं हरीण जगत नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. दिलासा देणारा आकडा ज्याचा त्याला लागू पडावा लागतो.

आपल्याकडे कायद्याने शिकार बंद झाली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, त्यामुळे हा अनुभव आपल्या आजच्या जगण्यात नाही. पण त्याआधीच्या शिकारकथा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना जखमी जनावर सोडायचं नाही हा दंडक आठवेल. त्यामागे दयेइतकीच धास्ती होती. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते, आणि नेहमीचं सावज मारणं जमेना म्हणून ती माणसांकडे वळली असं कॉर्बेटचं म्हणणं. कोणीतरी एक गोळी झाडली, जनावर निसटलं, आणि तो घरी गेला. हरीण असा सूड घेत नाही, म्हणून त्याला सोडून घरी जाणं सोपं पडतं.

रामायणात याहून जुना दाखला आहे. दशरथाने आवाजावर बाण सोडला, हत्ती समजून. कथा सांगताना आपण शाप सांगतो, पुत्रशोक सांगतो. पण मधे एक गोष्ट घडते. किंकाळी ऐकून तो नदीकाठी बाण लागला तिथे जातो, श्रावणाला पाहतो, पाण्याचं भांडं उचलतो आणि आंधळ्या आईबापांपुढे उभा राहून मीच मारलं म्हणून सांगतो. अंधार होता, कोणी पाहिलं नव्हतं, रथ वळवता आला असता. शिकाऱ्याला टाळ्या वाजवायला किंवा शिट्ट्या मारायला समोर प्रेक्षक नसतात, त्याला स्वतःच्याच साक्षीने वागावं लागतं, असं लिओपोल्डने लिहिलं त्याचा अर्थ याहून वेगळा नाही.

मग करायचं काय? अनेक राज्यांत कायदा म्हणतो की जखमी जनावर शोधायचा वाजवी प्रयत्न करा. वाजवी म्हणजे किती हे कोणी सांगत नाही, आणि शोधून मिळालं नाही तर परवाना तसाच शिल्लक राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मचाणावर बसायला कोणाची आडकाठी नाही. इतरत्र असं नाही. दक्षिण आफ्रिकेत पैसे भरून शिकारीला जाणाऱ्याला रक्त सांडलं की जनावराची पूर्ण किंमत मोजावी लागते, मिळो न मिळो. अलास्काच्या काही भागांत जखमी करून हरवलेलं अस्वल त्या शिकाऱ्याच्या वाट्याचं धरलं जातं. हरणाच्या बाबतीत विस्कॉन्सिनमध्ये हा निर्णय माणसावर सोडलेला आहे.

माझ्या सहकाऱ्याने तो घेतला. त्या वर्षीचा नराचा परवाना त्याने वापरला गेला असं धरलं आणि मचाण उतरवून आणलं. मित्रांनी समजावलं की हंगाम अजून महिनाभर आहे, फ्रीझर रिकामा आहे. तो म्हणाला, एक नर मला मिळणार होता, तो मी मारला, फक्त घरी आणता आला नाही. मुलीला काय झालं ते त्याने न लपवता सांगितलं, कारण ती पुढच्या वर्षी धनुष्य मागणार होती. पुढच्या उन्हाळ्यात त्याने अंगणातलं लक्ष्य जवळ आणलं आणि वीस मीटरपलीकडे बाण सोडायचा नाही अशी मर्यादा घातली. त्याने त्या रविवारबद्दल पुन्हा फारसं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मला हा मार्ग योग्य वाटतो. दुःख हलकं करण्याचे जे उपाय एरवी सांगितले जातात, विसर, पुन्हा घोड्यावर बस, निसर्ग असाच असतो, त्यांत माणसाचं बरं होतं आणि हरणाचा हिशेब तसाच राहतो. परवाना असा बाद धरण्यात दोन्ही होतं. ज्याने परवाना बाद धरला त्याला जेवायच्या सुट्टीत फार दिवस गाडीत बसावं लागत नाही, असं मी पाहिलं आहे. हे कायद्यात यावं का? यायला हवं असं मला वाटतं, पण मग लोक हरवलेलं हरीण कळवणारच नाहीत, हा शिकाऱ्यांचा आक्षेपही खोडून काढता येत नाही. रकाना निदान ऐच्छिक तरी असावा. आकडा कळला तर बाणाची पाती, अंतरं, हंगामाच्या तारखा यांबद्दल काही ठरवता येईल. आज सगळा वाद दोन-चार जुन्या अभ्यासांवर चालला आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतली काही तरुण मुलं मित्रांच्या संगतीने मचाणावर चढू लागली आहेत. मंडळाच्या गणपतीत त्याबद्दल कुजबुज होते आणि आईबाप विषय बदलतात. बदलू नका. पोराला विचारा की माग काढणाऱ्या कुत्र्याच्या मालकाचा नंबर हंगामाआधी फोनमध्ये घातला आहेस का, शेजारच्या शेतमालकाची परवानगी आधीच मागून ठेवली आहेस का, किती अंतरावरून बाण सोडायचा नाही हे ठरवलं आहेस का. आणि ज्यांना शिकार अजिबात मान्य नाही, त्यांच्या कचेरीत सोमवारी कोणी पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला की काल हरीण लागलं पण सापडलं नाही, तर मारतोस कशाला हे नंतर विचारा. दुपारनंतर मोकळे असाल तर त्याच्याबरोबर जा. रक्ताचा माग एकट्याने काढणं कठीण असतं, आणि एकाच्या नजरेतून सुटलेला थेंब बहुतेक वेळा दुसऱ्यालाच दिसतो.